बाटलीत काय होतं

"बाटलीत काय होतं म्हणे! आता काय सांगावं मानसानं?"

गोमतीबाई माझ्या कानाशी पुटपुटल्या. मी त्यांच्या छातीभोवती टेप फिरवत होते, त्यामुळे त्यांचं तोंड माझ्या कानाला लागलेलंच होतं, आणि तोंडात तंबाखू. मशीन चालवणाऱ्या बाईला एक गोष्ट कळते. माप द्यायला आलेल्या बायांपैकी निम्म्या बोलायला आलेल्या असतात. टेप अंगाभोवती असला की एकमेकींच्या तोंडाकडं पाहावं लागत नाही, म्हणून बरं पडतं.

"हात वर करा, गोमतीमाय."

"केला. आन् लय आवळू नोको व मंजू, टेप हाय का दावं? गाय बांधून राह्यली काय?"

"मंग नितानं काय सांगतलं साहेबाले?"

"पानी होतं म्हणे. पानी होतं तं पानीच सांगन ना पोट्टी. तं थो साहेब म्हणते, दऱ्यात एवढा डोह भरला हाय, मंग घरून पानी कायले नेलं?"

टेप माझ्या हातात तसाच राहिला.

"मंग?"

"मंग काय? पोट्टी मुकी झाली."

माप लिहायचं राहून गेलं. तो ब्लाऊज पुढे काखेत घट्ट झाला, तो त्यामुळेच.

गोमतीबाई तांड्यावरच्या. निता त्यांची नात. मुलगा-सून दर हंगामाला उसाच्या तोडीवर जातात, पोरगी आजीजवळच वाढली. वनरक्षकाच्या भरतीत ती धावून पास झाली, लेखीतही निघाली. आता कागदपत्रं आणि चारित्र्याची पडताळणी तेवढी राहिली होती. तांड्यावरून सरकारी खाकी घालणारी ती पहिली पोरगी होणार होती. खाकी शर्टाचं माप मीच घेणार, असं मी तिला सांगूनही ठेवलं होतं.

आणि नेमकी आताच ती जंगलखात्याच्या कॅमेऱ्यात सापडली. पहाटेचा फोटो. अंगात ट्रॅकसूट, हातात बाटली. त्या फोटोनंतर कोणीतरी कॅमेऱ्याला लाल कपडा गुंडाळला. त्यानंतर डोहाच्या काठी एक रोही मरून पडलेली दिसली. रोही म्हणजे नीलगाय. जंगलखात्याच्या साहेबानं या तीन गोष्टी एका दोऱ्यात ओवल्या. बाटलीत विष, कपडा पाप झाकायला, आणि रोही मटणाला. पाण्यात काहीबाही कालवून जनावरं मारणारे लोक असतात, हे काही खोटं नाही. पण एकदा का वनगुन्ह्यात नाव लागलं की निताची नोकरी गेली. ज्या जंगलाची राखण करायला निघाली, त्याच जंगलाची चोर म्हणून.

दुसऱ्या दिवशी साहेबानं ग्रामपंचायतीसमोर बैठक बोलावली होती.

काळदरा पाहिला नसेल त्याला तो दुरून दिसत नाही. मालेगावकडून आलं की सगळं रान सपाट, सोयाबीन आणि तूर, तूर आणि सोयाबीन. चालता चालता एकदम पायाखालची जमीन संपते. खाली काळ्या दगडाची फट, रुंद म्हणावी तर रुंद, खोल म्हणावी तर बघवत नाही इतकी. कड्यांच्या चिरांतून पिंपळ आणि सालई बाहेर आलेल्या, तळाला डोह, आणि भर उन्हाळ्यातसुद्धा तिथून गार वारा वर येतो, फ्रिजचं दार उघडल्यावर येतो तसा. जागा सरकारची, राखीव. कुऱ्हाडबंदी आहे, चराईबंदी आहे, आणि आमच्या गावानं ती पाळली आहे. शेजारच्या गावांच्या बरड टेकड्या उघड्या पडल्या, पण काळदऱ्यात अजून अस्वल आहे, मोर आहेत. बिबट आहे असं पुंजाजी म्हणतात. पुंजाजी आमच्या वन समितीचे अध्यक्ष आहेत आणि त्यांना बिबट दरवेळी जेवण झाल्यावरच दिसतो.

दऱ्याच्या गावाकडच्या अंगाला, उतारावर, पळसाची दाट झुडपं आहेत. गावातल्या आणि तांड्यावरच्या बाया पहाटे तिकडे जातात. आमच्या बोलण्यात त्या जागेला "तिकडं" एवढंच नाव आहे. कशाला जातात ते मी इथं लिहीत नाही. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर जो निळा बोर्ड आहे, त्याच्यामुळे कोणाला लिहिता येत नाही आणि बोलता तर त्याहून येत नाही. "हागणदारीमुक्त गाव, आपले सहर्ष स्वागत आहे." खाली सरपंच बेबीताईंचं नाव, मोठ्या अक्षरांत.

संडास घरोघरी झाले होते, नाही असं नाही. पण दऱ्यात जो दगड आहे तोच गावाखालीही आहे. ठेकेदाराचे खड्डे कमरेइतके गेले आणि कातळाला लागले. तेवढ्यावर भांडी बसली, फोटो निघाले. पहिल्याच पावसाळ्यात जे भरलं ते वर आलं. मग कोणी त्यात गुरांचं कुटार भरलं, कोणी कोंबड्या कोंडल्या. पुंजाजींच्या संडासात सोयाबीनची पोती आहेत आणि त्याला कुलूप आहे. माझ्या संडासात चिंध्यांचं गाठोडं असतं. पुरुष नाल्याकडे जातात, बाया तिकडं. आणि बोर्ड भिंतीवर.

तिकडं जायची एकच अट. डोहाला हात लावायचा नाही. पाणी घरून न्यायचं, बाटलीत नाही तर डब्यात. सुकेशनी नवी नवरी होती तेव्हा तिनं न कळून डोहात डबा बुडवला, तर चार म्हाताऱ्या वरून ओरडल्या होत्या, "काय व भवाने, मोर पेते तेथी, रोही पेते, आन् तू काय करून राह्यली?" ती बिचारी डबा तिथंच टाकून पळाली. बौद्ध वस्ती असो की तांडा, सरपंचीण असो की मजूर, हे सगळ्या पाळतात. कोणी शिकवत नाही, ओरडा खाऊन कळतं.

सुकेशनीचा नवरा देवानंद. जंगलखात्यात रोजंदारीवर वनमजूर आहे. नवे साहेब आले, बिबट आणि अस्वलं मोजायची म्हणाले, मोबाईलवर नकाशा उघडून बोट ठेवलं, "कॅमेरा इथे लाव." बोट पडलं ते नेमकं पळसाच्या वाटेवर. देवानंदला ती जागा कोणाची हे ठाऊक होतं. पण साहेबाला नको म्हणायचं तर कारण सांगावं लागणार. त्यानं मान हलवली आणि अंजनाच्या झाडाला कॅमेरा बांधला.

आम्हाला ती पेटी बऱ्याच दिवसांनी दिसली. हिरवी, पानांच्या रंगाची. ती कशाची आहे हे कळलं, तेव्हापासून गावाला नजर लागल्यासारखं झालं.

हापशीवर बाया एकमेकींशी बोलेनात. जी ती मनातल्या मनात हिशोब करायची, मी तिकडं गेले होते त्या दिवशी पेटी होती का. कोणाचे कसले फोटो कोणी पाहिले, हे विचारायचं कसं? विचारलं तर मान्य केल्यासारखं होतं. मग संशय ज्याच्या त्याच्या दिशेनं वाहायला लागला. कोणी म्हणे देवानंदनं फोटो मोबाईलवर घेतले. कोणी म्हणे रिसोडच्या बाजारात एक पोरगा आपल्याकडं पाहून हसला, तो काहून हसला? कॅमेरा कोणी झाकला यावर पुरुषांची निराळीच तऱ्हा. कामरगावकडचे शिकारी आले असतील, तांड्यावरचे असतील, सागवानवाले असतील. त्यांना सगळं सुचलं, पळसाची झुडपं तेवढी सुचली नाहीत. का सुचली तरी तोंडात आली नाहीत.

गोमतीबाई गेल्यावर सुकेशनी आली. परकराला नाडी टाकायची होती, जी तिला स्वतःला टाकता येते.

"मंजूताई, तुमीबी मले बोलत नाई आता."

"मी कधी बोलली नाई?"

"काल हापशीवर आली तं तुमी घागर अर्धीच भरली आन् गेल्या."

खरं होतं. मी नाडी ओवायला घेतली.

"थ्यायनं काई नाई पाह्यलं," ती म्हणाली. नवऱ्याचं नाव ती घेत नाही. "कॅमेऱ्यातलं कार्ड काढलं की घरी आणते, मले म्हणते, तू पाह्य. मी पाह्यते. रोही आली, मोर आला, अस्वल आलं तं ठेवते. बाई आली की पुसते. थे तिकडं भिंतीकडं तोंड करून बसते, सारं होईपर्यंत."

मी तिच्याकडं पाहिलं. बारीक आवाजाची, पाठ वाकवून बसणारी पोरगी. गावाची अब्रू ही एका बोटानं राखत बसली होती, आणि आम्ही घागरी अर्ध्या भरून पळत होतो.

"मंग निताचा काहून ठेवला?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "पोट्टी धावून राह्यलती ना ताई. ट्रॅकसूटमंदी. मले वाटलं, भरतीचा सराव करते, साहेबाले दिसू दे का बाप्पा, पोट्टी किती मेहनत करते. चांगला दिसला म्हणून ठेवला. हातातली बाटली म्या पाह्यलीच नाई."

नाडी दोनदा उलटी ओवली गेली.

"आन् आता साहेब म्हणते फोटोचे मधले नंबर गायब हायेत. कोनं पुसले, कायले पुसले. थे काय सांगतीन?"

"सांगा म्हणा बायाचे होते."

"तुमी सांगान?"

मी नाडीला गाठ मारली.

दुपारी देवानंद स्वतः आला. दारातच उभा राहिला, चपलाही काढल्या नाहीत. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी.

"ताई, साहेबानं पाठवलं. हा कपडा गावातला हाय का बाहेरचा, थे शिलाईवरून सांगतीन म्हणे."

मी कागद उघडला. लाल सॅटिन. वरच्या कडेला नेफा, नेफ्यात पांढरी दोरी. नेफ्याला मी दुहेरी टीप मारली होती आणि एका कोपऱ्यात दोरा संपल्यामुळे लालच्या जागी मरून लावला होता. तो मरून दोरा माझ्याकडं पाहत होता. हा पडदा मी शिवला होता. भिंतीवरच्या त्या निळ्या बोर्डाचं उद्घाटन झालं तेव्हा बोर्ड झाकायला. दोरी ओढायची, पडदा सरकणार, टाळ्या. टाळ्या झाल्यावर पडदा बेबीताईंनी घडी करून घरी नेला होता, पुढच्या कोणत्या उद्घाटनाला कामी येईल म्हणून.

"असा कपडा रिसोडच्या बाजारात कोनत्याबी दुकानात भेटते," मी म्हणाले.

देवानंदनं माझ्याकडं पाहिलं. मग पडद्याकडं. बोर्डाच्या उद्घाटनाला खुर्च्या त्यानंच लावल्या होत्या.

"भेटते ना," तो म्हणाला, आणि कागद पुन्हा गुंडाळला. "म्याबी साहेबाले तेच सांगतलं."

संध्याकाळी मी बेबीताईंकडं गेले. बेबीताई बौद्ध वस्तीतल्या. राखीव जागेवर सरपंच झाल्या तेव्हा लोक म्हणायचे, नवऱ्याच्या हातचं बाहुलं असेल. बाई नवऱ्याला घरी बसवून स्वतः पंचायत समितीत जाऊन भांडायची. गावात नळाची पाईप तिनं आणली, शाळेचं छत तिनं आणलं, बोर्डही तिनंच आणला. बोर्डामुळे पुढचा निधी आला, त्यातून अंगणवाडीची खोली झाली. म्हणजे बोर्ड निव्वळ खोटाही नव्हता. त्याच्यावर एक खरी खोली उभी होती.

त्या तांदूळ निवडत होत्या. ताट खाली ठेवलं नाही.

"काय व मंजू, वाट चुकली काय?"

"अंगणवाडीच्या पडद्याचं माप घ्याचं होतं. म्हटलं जुना लाल पडदा असन तुमच्याकडं, थोच कापून करू."

त्यांचं बोट तांदळात थांबलं. मग एक खडा काढून बाजूला टाकला.

"थो धुवाले टाकला."

"धुवाले?"

"मळला होता."

दोघींनी मिळून थोडा वेळ तांदूळ निवडले. तांदळात आता खडे नव्हतेच, तरी निवडले.

"पोट्टीचं नुकसान होते, बेबीताई."

"माहीत हाय मले."

"मंग?"

"मंग काय मंग?" त्या एकदम तडकल्या. "तुले सोपं हाय. तुह्यं नाव हाय काय भिंतीवर? म्या त्या स्टेजवर प्रमाणपत्र घेतलं, हार घातला, भाषण केलं. उद्या पेपरात येईन, सरपंचाचं खोटं गाव. पुढच्या बाईले कोन सरपंच करन? म्हणतीन, पाह्यलं ना, बाई बसवली तं असं होते." आवाज खाली आला. "आन् त्या कार्डात मीबी असन ना. पहाटीची. अशीच."

सुकेशनीनं पुसलंय, हे मी सांगायला हवं होतं. पण बाहेर कोणाच्या तरी चपला वाजल्या आणि मी नुसती उठले. माप न घेताच आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रामपंचायतीसमोर सतरंज्या टाकल्या. पुरुष पुढे, बाया मागे भिंतीला. निळा बोर्ड साहेबाच्या डोक्यावर आला होता, पण साहेबाची पाठ होती त्याच्याकडं. साहेब तरुण, चष्म्याचा, आवाज न चढवणारा. तो वाईट माणूस असता तर सोपं झालं असतं. टेबलावर लॅपटॉप, शेजारी लाल कपडा.

"मला कोणाला अडकवायचं नाही," तो म्हणाला. "पण आज मला वर अहवाल पाठवायचा आहे. रोहीचे नमुने तपासणीला गेलेत. कॅमेरा मुद्दाम झाकलाय, मधले फोटो उडवलेत, आणि शेवटच्या फोटोत ही मुलगी आहे. तुम्हीच मला सांगा, मी काय समजू?"

लॅपटॉप फिरवला. स्क्रीनवर निता. एक पाय हवेत, केस बांधलेले, आणि हातात बाटली. खरंच सुंदर आला होता फोटो. सुकेशनीचं काही चुकलं नव्हतं.

"तांड्यावरची पोट्टी पहाटी दऱ्यात कायले जाते?" पुंजाजी म्हणाले. "आमी तं चराईबंदी पाळतो. इचारा तिले."

"तुह्या घरच्या कुठं जातात रे पुंजाजी?" गोमतीबाई मागून म्हणाल्या.

पुंजाजींनी ऐकलंच नाही असं केलं. त्यांची बायको माझ्या शेजारी बसली होती. तिनं पदर पुढे ओढला.

"निता," साहेब म्हणाला, "भरतीत निवड झाली आहे तुझी, मला माहीत आहे. म्हणून तर विचारतोय. पाणी न्यायचं कारण सांग. डोह तर तिथून खालीच आहे. प्यायला असेल तर प्यायला म्हण."

खोटं बोलायला त्यानं दार उघडून दिलं होतं. निता उभी होती, हात मागे बांधून, भरतीच्या मैदानात उभी राहते तशी. "हो, प्यायले नेलं होतं" म्हणाली असती तर कदाचित सुटलीही असती. पण डोहाच्या बाबतीत तिच्यानं खोटं बोलवेना, तिनं नकाराची मान हलवली.

"थे पानी प्यायले नव्हतं."

"मग कशाला?"

गोमतीबाईंनी माझ्या दंडात बोटं रुतवली.

"देवानंद," साहेब वळला. "मधले फोटो कोणी पुसले?"

"म्या पुसले, साहेब."

सुकेशनी उठू लागली, त्यानं नुसत्या हातानं तिला बस म्हटलं.

"का?"

देवानंदनं साहेबाच्या डोक्यावरच्या बोर्डाकडं पाहिलं.

"कोणाचे होते?"

साहेबानं चष्मा काढून डोळे चोळले. रात्रभर झोपला नसावा. "म्हणजे तुम्ही सगळे मिळून कोणाला तरी वाचवताय," तो म्हणाला. "ठीक आहे. मी दोघांची नावं लिहितो." पेन काढलं. मग काहीतरी आठवलं म्हणून लाल कपडा उचलला. "आणि हा? हा कोणाचा? इथे शिवणकाम करणाऱ्या ताई कोण?"

सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. मी उठले. तोंड उघडलं. रिसोडचा बाजार तोंडात तयारच होता.

"बस खाली, मंजू," कोणीतरी म्हणालं.

बेबीताई पुढच्या खुर्चीवरून उठल्या होत्या. पांढरी साडी, उद्घाटनाला नेसलेली तीच. त्या टेबलाशी गेल्या, साहेबाच्या हातातून पडदा घेतला आणि त्याच्या मागे गेल्या. साहेब खुर्चीत अर्धा वळला. बोर्डाच्या दोन्ही बाजूंचे खिळे अजून तसेच होते. बेबीताईंनी टाचा उचलल्या, नेफ्यातली दोरी एका खिळ्याला अडकवली, मग दुसऱ्या. पडदा खाली सुटला. निळा बोर्ड, स्वागत, त्यांचं स्वतःचं नाव, सगळं लाल सॅटिनखाली गेलं. बरोबर मापाचा होता, मीच शिवलेला.

पुंजाजी म्हणाले, "काहो सरपंचबाई, हे काय करून राह्यल्या?"

त्यांनी पुंजाजींकडं पाहिलं नाही. निताकडं पाहिलं. मग साहेबाकडं.

"साहेब, पेन ठेवा," बेबीताई म्हणाल्या. "बाटलीत पानीच होतं. आमी साऱ्या बाया तेथी हागाले जातो. मीबी जाते. आन् डोहाचं पानी जनावरं पेतात, थे आमी त्या कामाले लावत नाई, म्हणून घरून नेतो."